एअरब्रश आणि छोटा कॉम्प्रेसर : इंजिनाला हवा, स्टेशनाला नको

घरातल्या छोट्या मॉडेल रेल्वेची इंजिने रंगवण्यासाठी गेल्या वर्षी फेब्रुवारीत मी तीन लिटरच्या टाकीचा छोटा कॉम्प्रेसर आणि ०.३ मिलिमीटर नोझलचा एअरब्रश, म्हणजे दाबलेल्या हवेने रंग फवारणारे पेनासारखे हत्यार, असा संच साडेआठ हजार रुपयांना ऑनलाइन मागवला. नागपूरच्या तिन्ही ऋतूंत चौदा महिने तो वापरून झाल्यावर हे परीक्षण लिहीत आहे. संचावरचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण हेच यंत्र, हाच दाबमापक आणि हाच वेणीदार पाइप निरनिराळ्या चार-पाच नावांनी विकला जाताना मी पाहिला आहे. घेणाऱ्याने नावापेक्षा आकृती आणि आकडे पाहावेत.

माझी मॉडेल रेल्वेची मांडणी एचओ प्रमाणाची, म्हणजे १:८७ (खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढी) आहे. तिच्यावर नागपूरच्या अजनी शेडच्या डब्ल्यूएजी-९ या विजेवरच्या मालगाडी इंजिनामागे कोळशाच्या बॉक्सएन वाघिणी धावतात आणि बाजूने सातपुड्याकडे जाणारी नॅरोगेजची रूळवाट जाते. नॅरोगेजच्या दोन रुळांमधली खरी रुंदी ७६२ मिलिमीटर; तिला ८७ ने भागले की पावणेनऊ मिलिमीटर येतात, त्यामुळे एन या आणखी छोट्या प्रमाणाचे ९ मिलिमीटरचे तयार रूळ तिथे जवळजवळ बिनचूक बसतात. ब्रॉडगेजच्या बाबतीत मात्र आपल्याला तडजोड करावी लागते, कारण १६७६ मिलिमीटरचे सव्वाएकोणीस होतात आणि बाजारात रूळ मिळतात ते साडेसोळाचे. गेजमधला हा फरक पाहणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही. जाड रंग मात्र खोलीच्या दारातूनच दिसतो.

एअरब्रशची गरज का पडते, हे याच प्रमाणात समजून घ्यावे. ब्रशने दिलेले दोन हात मिळून रंगाचा थर एक दशांश मिलिमीटर जाडीचा झाला, तर खऱ्या इंजिनाच्या पत्र्यावर तो जवळजवळ नऊ मिलिमीटरचा गिलावा ठरेल. रिव्हेट, दाराच्या कडा, जाळीच्या फटी हे सगळे त्या गिलाव्याखाली बुजते. माझे डब्ल्यूएजी-९ चे अंग थ्रीडी प्रिंट केलेले होते. आधी सहाशे आणि मग हजार नंबरचा पॉलिश पेपर पाण्यासोबत फिरवून थरांच्या रेघा काढल्या, भांड्याच्या साबणाने ते धुतले आणि करड्या प्रायमरचा पातळ फवारा मारला. हिरवा रंग तीन विरळ हातांत बसवला. बाजूच्या हवेच्या जाळीची प्रत्येक आडवी पट्टी आजही वेगळी दिसते, आणि एवढ्या एका कामासाठी दिलेले पैसे वसूल झाले असे मी मानतो.

इंजिनाच्या अंगावरच्या फिकट पिवळ्या पट्ट्याच्या वेळी यंत्राइतकीच टेपची परीक्षा झाली. हार्डवेअरच्या दुकानातली खाकी मास्किंग टेप वापरू नये. ती काढताना रंगही सोबत घेऊन येते. तामिया या मॉडेल-साहित्याच्या कंपनीची पिवळी टेप महाग असली तरी तीच वापरावी. टेप लावल्यावर पट्ट्याचा रंग मारण्याआधी कडेवर खालचाच हिरवा रंग एकदा हलका फवारावा, म्हणजे टेपखाली जी काही फट उरली असेल ती हिरव्यानेच भरते आणि वरचा पिवळा आत शिरत नाही. ही युक्ती कळेपर्यंत माझ्या पट्ट्याची कड करवतीच्या दात्यांसारखी येत होती.

आता यंत्राविषयी. टाकीतला दाब चार बारवर गेला की मोटार आपोआप थांबते आणि तीन बारवर आला की पुन्हा सुरू होते, त्यामुळे ती अखंड घरघरत नाही. आवाज जुन्या फ्रिजपेक्षा थोडा जास्त, पण शेजारच्या खोलीत कोणी झोपलेले असल्यास चालेल इतका आहे. विनाटाकीचे स्वस्त कॉम्प्रेसर मिळतात, ते घेऊ नयेत, कारण पिस्टनच्या प्रत्येक ठोक्याचा धक्का थेट रंगात उतरतो. माझ्या संचात गुणांसोबत तीन दोषही आले. रेग्युलेटरचा सांधा पहिल्या दिवसापासून हवा सोडत होता. विक्रेत्याने दोनदा फोन उचलला, तिसऱ्यांदा उचलला नाही, आणि अखेर दहा रुपयांच्या टेफ्लॉन टेपने काम झाले. एअरब्रशच्या आतली रबरी रिंग लॅकर थिनरने फुगली आणि सुई अडकू लागली, तेव्हा तीव्र थिनर वापरायचे असल्यास टेफ्लॉनची रिंग असलेलाच एअरब्रश घ्यावा. दाबमापकाचा काटा हवा पूर्ण काढल्यावरही शून्यावर न येता थोडा वर राहतो; मी आता काट्यावर विसंबण्याऐवजी आधी पुठ्ठ्यावर फवारा मारून पाहतो.

या सगळ्यापेक्षा मोठा प्रश्न आपल्या गावच्या हवेचा आहे, आणि सूचनापुस्तिकेत त्याबद्दल एक ओळही नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना अ‍ॅक्रिलिक रंग सुईच्या टोकावरच वाळतो. दर दोन-तीन मिनिटांनी टोक ओल्या कापसाने पुसावे लागते, नाहीतर फवाऱ्याऐवजी थुंकी उडावी तसे ठिपके येतात. रंगात वाळण्याची गती कमी करणारे रिटार्डर थोडे मिसळल्याने बराच फरक पडतो. यावर उपाय म्हणून कुलर लावावा, तर दुसरेच संकट उभे राहते. कुलरची ओली हवा कॉम्प्रेसरमध्ये दाबली गेली की गरम होते, पाइपमध्ये थंड होते आणि तिच्यातले पाणी सुटते. माझ्या इंजिनाच्या उजव्या अंगावर असाच एक थेंब उडाला आणि ओल्या हिरव्या रंगात मोहरीएवढा खड्डा पडला. ते अंग पुन्हा घासून रंगवण्यात एक रविवार गेला. आमच्या मातोश्रींचे म्हणणे असे की ऐन मे महिन्यात घरातला कुलर बंद करून आगगाडी रंगवणाऱ्या माणसाबद्दल बाहेर बोलूसुद्धा नये.

जुलै-ऑगस्टमध्ये कुलर नसतानाही हेच घडते. सोबत मिळणारा पाणी अडवणारा फिल्टर पुरेसा नाही. पाइपच्या एअरब्रशकडच्या टोकाला दुसरा छोटा फिल्टर लावावा आणि काम संपल्यावर टाकीच्या बुडाचा स्क्रू सैल करून साचलेले पाणी काढून टाकावे. पहिल्या पावसाळ्यात मी तो स्क्रू उघडला तेव्हा तांबूस पाणी आले, त्यावरून आतला पत्रा गंजू लागला आहे हे कळले. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत मात्र हे यंत्र कुरकुर न करता चालते, आणि माझी सगळी इंजिने आता हिवाळ्यातच रंगतात.

रंगांपैकी तामियाचे अ‍ॅक्रिलिक अल्कोहोलने पातळ करता येते आणि पंधरा ते वीस पीएसआय (साधारण एक ते १.४ बार) दाबावर सुरेख बसते. व्हॅलेहो या कंपनीची मॉडेल एअर ही रंगांची मालिका एअरब्रशसाठी आधीच पातळ केलेली असते. अशा पाण्यावर आधारलेल्या रंगात आयसोप्रोपिल अल्कोहोल घालण्याचा आगाऊपणा मी एकदा केला; कपातला रंग दूध फाटावे तसा फाटला आणि नोझल साफ करण्यात संध्याकाळ गेली. तो दोष सर्वस्वी माझाच होता.

रंगकाम झाल्यावर इंजिन मळवण्यासाठीही हे यंत्र उत्तम आहे. दाब दहा-बारा पीएसआयपर्यंत उतरवून, अतिशय पातळ केलेला तांबूस तपकिरी रंग बोगीवर, म्हणजे इंजिनाखालच्या चाकांच्या चौकटीवर, फवारला की ब्रेकची धूळ हुबेहूब उतरते. जुन्या गाड्यांच्या बिडाच्या ब्रेकठोकळ्यांतून उडणारी ती धूळ लोखंडाची असल्याने गंजते, म्हणून तिला शुद्ध काळा रंग देऊ नये. नागपूरच्या मोतीबागेतल्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात जाऊन हे प्रत्यक्ष पाहावे. २००२ साली सुरू झालेल्या त्या संग्रहालयात मी इंजिनांपेक्षा त्यांच्या पायऱ्यांचेच फोटो जास्त काढले आहेत, कारण माणसांचे पाय पडून रंग कुठे उडतो आणि उघडे लोखंड कुठे चकाकते, ते फक्त तिथेच नीट दिसते.

इमारतींसाठी मात्र मी हा संच घ्या असे सांगणार नाही. सनबोर्डचे (फोमच्या कडक पत्र्याचे) एक नॅरोगेज स्टेशन मी पहिल्यांदा एअरब्रशने रंगवले आणि ते नव्या पेट्रोल पंपासारखे गुळगुळीत दिसू लागले. दगडी भिंतीला असा सारखेपणा परका असतो. आपल्या नागपूर स्टेशनची १९२५ साली उद्‌घाटन झालेली इमारत सावनेरच्या वालुकाश्माची आहे. तिच्यासमोर दहा मिनिटे उभे राहिले तरी लागोपाठचे दोन दगड एका छटेचे सापडत नाहीत. म्हणून दुसऱ्या खेपेस भिंतीवर पिवळट तपकिरी रंगाचा हात दिला, तीन-चार जवळच्या छटांनी दगड सुटेसुटे टिपले, पातळ काळपट पाणी सांध्यांत सोडले आणि ते वाळल्यावर जवळजवळ कोरडा ब्रश कडांवरून फिरवला. मंगलोरी कौलांवरही तोच कोरडा ब्रश चालतो, फक्त दर दहा-बारा कौलांमागे एखादे कौल जास्त लाल ठेवावे, म्हणजे ते मागच्या पावसाळ्यानंतर बदललेले वाटते. या सगळ्या कामाला दीडशे रुपयांचे दोन ब्रश आणि चित्रकलेच्या साध्या ट्यूब पुरल्या.

तेव्हा ज्यांच्याकडे तीन-चारपेक्षा जास्त इंजिने आणि डबे रंगवायचे आहेत, त्यांनीच एवढा खर्च करावा. घेताना जादा सुई, जादा नोझल आणि टेफ्लॉनची रिंग त्याच वेळी मागवून घ्यावी, कारण नागपुरात हे सुटे भाग मला कुठेही मिळाले नाहीत आणि वाकलेल्या सुईसाठी ऐन डिसेंबरात मला अकरा दिवस कुरियरची वाट पाहावी लागली.