नवीन डोअर पॅनलचे पैसे घेतले, बसवलं आमचंच जुनं

गाडी जुनी झाली की दाराच्या आतलं प्लास्टिक एक ना एक दिवस खडखडायला लागतंच. आमच्या 2007 च्या सॅन्ट्रोचं तेच झालं. दार ओढलं की ड्रायव्हरकडचं पॅनल हातात येतंय की काय असं वाटायचं. या पॅनलला मागून प्लास्टिकच्या नळ्या असतात, त्यांत स्क्रू बसतात, कडेनं क्लिपा. वर्षानुवर्षांच्या उन्हानं प्लास्टिक ठिसूळ होतं आणि एखाद्या मेकॅनिकनं स्क्रू जास्त आवळला की नळी उभी चिरते. मोडतं बोटाच्या पेराएवढं, पण बदलायला सांगतात अख्खं पॅनल. धंदा इथंच आहे.

बेळगावात जुन्या पी. बी. रोडच्या बाजूला एका इंटिरिअरवाल्याला गाडी दाखवली. पॅनल जरा ओढून बघितलं आणि म्हणाला, "लॉक सगळे गेलेत साहेब. जोडून टिकत नाही बघा. कोल्हापूरहून कंपनीचं नवीन मागवतो." ॲडव्हान्स घेतला. बिल झालं पॅनलचे 4,800 आणि मजुरी 900. गाडी परत मिळाली तेव्हा पॅनल चकचकीत होतं, पण हात फिरवला तर बोटं तेलकट. "नवीन मालाला असतंय तसं." जुनं पॅनल मागितलं, तर म्हणे भंगारवाला सकाळीच घेऊन गेला की!

पावसाळा नसता तर हे कधी कळलंही नसतं. खानापूरकडच्या पावसात एकदा जाऊन आलो आणि ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट पिळून काढावी इतकी भिजलेली. त्यात पॉवर विंडोही मधेच अडकायला लागली. उद्यमबागेत बंपर वेल्डिंग करणाऱ्या एका काकांनी पॅनल उतरवलं आणि मला हाक मारली, "हे या, बघा."

मोडक्या नळ्यांभोवती एमसीलचे गोळे थापले होते. काकांनी नखानं उचकटले तसे अख्खेच्या अख्खे सुटून आले. खालच्या बाजूला, जिथं सहज नजर जात नाही तिथं, समोरून आरपार लांब स्क्रू मारला होता आणि त्याच्या टोकानं काचेच्या मोटरच्या वायरचं आवरण सोललं होतं. पॅनलमागची प्लास्टिकची शीट फाडून तशीच लोंबत सोडलेली. काचेवरून दारात उतरणारं पाणी तळाच्या भोकांतून बाहेर जातं. ते गाडीत येऊ नये म्हणून ही शीट काळ्या चिकट गोंदानं दाराला चिकटवलेली असते. मॅट का भिजली ते कळलं.

पॅनलच्या पाठीवर साच्यातच उमटलेला घड्याळासारखा गोल शिक्का होता: कडेनं 1 ते 12 आकडे, मधे वर्ष, बाण महिन्याकडे. वर्ष होतं 07. शेजारी प्लास्टिकची जात, 'पीपी'. म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. काका म्हणाले, याला फेव्हिक्विक, एमसील, काही धरत नाही. वितळवूनच जोडायला लागतंय. त्यांनी तापलेल्या सोल्डरिंगनं चिरेवर स्टीलची बारीक जाळी आत दाबली, वरून पीपीचीच काडी वितळवून भरली. पाठीवर 'एबीएस' ही दुसरी जात लिहिलेली असेल तर गोष्ट वेगळी, ते घासून खरखरीत केलं की एमसीलसारखं एपॉक्सी बऱ्यापैकी धरतं. तेव्हा "जोडून टिकत नाही" असं कुणी म्हटलं तर आधी पॅनल उलटं करून वाचायला सांगा. आणि नवीन घालणार असतील तर बसवण्याआधी त्याची पाठ बघा, जुनं त्याच वेळी डिकीत टाकून घ्या.

काकांकडे त्या इंटिरिअरवाल्याचं बिल काढलं तेव्हा आणखी एक गंमत दिसली. जीएसटी क्रमांक 27 नं सुरू होणारा. 27 म्हणजे महाराष्ट्र, कर्नाटकाचा 29. दुकान बेळगावात, नंबर पलीकडचा; सीमाप्रश्न या गड्यानं बिलावर सोडवून टाकलेला. जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघितला तर तो भलत्याच धंद्याच्या नावावर निघाला.

फोटो घेऊन दुकानात गेलो. "जुना स्टॉक असेल साहेब, साच्यावर जुनीच तारीख येणार." वरकरणी पटण्यासारखं आहे, जुन्या गाडीचे पार्ट खरंच वर्षानुवर्षं गोदामात पडून असतात. मग त्याला दुसरा फोटो दाखवला. स्पीकर बसवताना आमच्या इलेक्ट्रिशियननं पॅनलच्या पाठीवर लाल टेप लावून आमच्या गाडीचा नंबर मार्करनं लिहिला होता, तो जसाच्या तसा. त्यानंतर स्टॉकचा विषय निघाला नाही. "पोरांनी केलं असेल, मला ठाऊक नाही" म्हणत पॅनलचे पैसे यूपीआयनं परत केले.

मजुरी आणि वायरचा खर्च द्यायला मात्र साफ नाही म्हणाला. त्यासाठी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथं नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जायचं ठरवलंय. बिल, फोटो आणि ॲडव्हान्सचा मेसेज ठेवलेत जपून.