फॉर ऑल मॅनकाइंड: सिरीज भारी आहे, पण माझ्या डोक्यात आता दुसरीच सुरू झालीये

ॲपल टीव्हीवर २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये आलेली सिरीज, मी उशिरा पकडली आणि मग थांबलेच नाही, पहिले चार सीझन एका दमात बघून टाकले. प्रत्येक सीझनला दहा एपिसोड, बरेचसे तासाभराचे, तेव्हा घरातल्या कामांचं काय झालं ते विचारू नका. पुढे स्पॉयलर भरपूर आहेत, ज्यांना नकोत त्यांनी इथूनच कलटी मारा.

स्टोरी अशी की जून १९६९ मध्ये, अमेरिकेच्या आधी, रशियाचा माणूस चंद्रावर उतरतो. अलेक्सी लिओनोव. हा खरा माणूस बरं का, १९६५ मध्ये यानाच्या बाहेर पडून अंतराळात तरंगणारा पहिला माणूस तो हाच. खऱ्या इतिहासात रशियाचा रॉकेटवाला मुख्य इंजिनिअर सर्गेई कोरोलेव जानेवारी १९६६ मध्ये एका ऑपरेशनच्या वेळी गेला, आणि त्यांचं चंद्रावर जायचं एन-१ रॉकेट चार वेळा उडवलं आणि चारही वेळा फसलं. सिरीजवाल्यांनी केलंय काय तर कोरोलेव वाचला असं धरलंय, बास, बाकी सगळं त्यातून पुढे निघत जातं. अमेरिका हरते आणि हरली म्हणून थांबतच नाही, बायकांना अंतराळवीर म्हणून घ्यावं लागतं, चंद्रावर बेस उभा राहतो, नव्वदच्या दशकात मंगळ. "असं झालं असतं तर" टाइपच्या गोष्टी मला एरवी पकाऊ वाटतात पण इथे अभ्यास करून लिहिलंय हे दिसतं.

पहिला सीझन तर कहर आहे. मॉली कॉब नावाची बाई शॅकलटन क्रेटरच्या काठावरून दोरीला लटकून खाली काळोखात उतरते आणि तिथे बर्फ सापडतो, तो सीन मी रिवाइंड करून परत बघितला. आणि इथे आपल्या लोकांनी एक गोष्ट लक्षात ठेवायला पाहिजे, हा शॅकलटन खरा आहे, चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ, आणि आपल्या चांद्रयान-१ ने नोव्हेंबर २००८ मध्ये जो छोटा प्रोब मुद्दाम चंद्रावर आपटला तो ह्याच भागात. सिरीजमध्ये १९७१ ला बर्फ सापडतो, प्रत्यक्षात पाण्याचा पक्का पुरावा जाहीर व्हायला २००९ उजाडलं आणि त्यात चांद्रयानचा मोठा वाटा होता. मॉलीला दोरीवर बघताना हे डोक्यात असलं की अजून मजा येते.

पण मला सगळ्यात जास्त आवडलेला भाग त्यानंतरचा. चंद्रावरच्या जेम्सटाउन बेसवर तीन माणसं अडकतात, एड, गॉर्डो आणि डॅनियल, त्यांना घ्यायला येणारं यान काही येत नाही, आणि एकाच कॉमेडी शोच्या त्याच त्या टेप रोज लावून बघतात, डायलॉग पाठ झालेत तरी बघतात, कारण करायला दुसरं काही नाहीच. गॉर्डोचं डोकं हळूहळू फिरायला लागतं. मग त्याची नाचक्की होऊ नये, त्याला आपल्यासोबत परत न्यायला काहीतरी कारण मिळावं म्हणून डॅनियल स्वतःचा हात मोडून घेते. स्वतःचा! ना स्फोट, ना पाठलाग, एक खोली आणि तीन माणसं. दुसऱ्या सीझनच्या शेवटी गॉर्डो आणि त्याची आधीची बायको ट्रेसी अंगाला डक्ट टेप गुंडाळून स्पेससूटशिवाय चंद्रावर पळतात तेव्हा आमच्या सासूबाई, ज्या एरवी फक्त त्यांची संध्याकाळची मालिका बघतात, हातातली भाजी निवडायची थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं हे खरंच झालं होतं का गं?" मी म्हटलं, "नाही हो आई, गोष्ट आहे." तर म्हणे "मग मारलं कशाला त्या दोघांना." पॉइंट आहे.

आता तक्रार. डॅनी, गॉर्डो-ट्रेसीचा मुलगा. ज्यांनी बघितलंय त्यांना एवढंच पुरे. दुसऱ्या सीझनमध्ये डॅनी आणि एडच्या बायकोचं, कॅरनचं, जे काय सुरू होतं ते तिसऱ्या सीझनमध्ये मंगळापर्यंत ओढत नेलंय, म्हणजे माणसं मंगळावर उतरलीत आणि आपण बघतोय ह्याचा राग, त्याचा मत्सर, त्याची दारू. अरे मंगळ दाखवा ना! चौथा सीझन त्या मानाने सुधारलाय, मंगळावर राबणारे कामगार, त्यांचे पगार, त्यांचा संप, वरच्या मजल्यावरचे आणि खालच्या मजल्यावरचे हा भेद, हे अंतराळाच्या सिरीजमध्ये फारसं कोणी दाखवत नाही आणि इथे नीट वेळ देऊन दाखवलंय. एडचा म्हातारपणाचा मेकअप मात्र बघवत नाही.

तर माझं म्हणणं काय, ही सिरीज जेव्हा जेव्हा रंगते तेव्हा वर काहीतरी बिघडलेलं असतं आणि खाली माणसं डोकं धरून बसलेली असतात. आणि जिथे झोपते तिथे लेखकांना वाटलेलं असतं की तेवढ्याने भागणार नाही, अजून एखादं लफडं टाकूया. मला अशी नवीन सिरीज पाहिजे जी पूर्णच्या पूर्ण कंट्रोल रूममध्ये घडते आणि जिच्यात व्हिलन एकच, सिग्नलला लागणारा वेळ. मंगळाहून सिग्नल यायला कधी तीन-चार मिनिटं तर कधी वीसच्या वर, म्हणजे स्क्रीनवर जे दिसतंय ते होऊन गेलेलं असतं, तुम्ही आता बटण दाबून काही उपयोग नाही. एलियन नको, लेझर नको, पोकळीत धडाडधूम आवाज तर अजिबात नको. प्रत्येक सीझनला एक खरी मोहीम घ्यायची, पात्रं काल्पनिक चालतील पण घटना आणि बिघाड खरे.

पहिला सीझन मला खोडदहून सुरू करायचाय. हो, आपलं नारायणगावजवळचं खोडद, जिथे आणि ज्याच्या आसपास जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या तीस डिश पसरल्यात. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचा शियापारेली लँडर मंगळावर उतरत होता आणि उतरताना त्याचा अगदी क्षीण सिग्नल पृथ्वीवरून थेट ऐकायचं काम खोडदला चाललं होतं. विचार करा, आजूबाजूला द्राक्षाच्या बागा, टोमॅटोचं मार्केट, आणि आत एका खोलीत माणसं स्क्रीनवरच्या एका बारीक रेघेकडे बघतायत. रेघ आहे, आहे, आणि मग उतरायच्या थोडं आधी रेघ गायब. बिघाड काय होता ते नंतर कळलं, पॅराशूट उघडल्यावर लँडर एवढा गरागरा फिरला की फिरणं मोजणारं यंत्र सेकंदभर आपल्या मर्यादेला जाऊन अडकलं, त्यावरून कॉम्प्युटरने हिशोब केला आणि उत्तर आलं की आपण जमिनीच्याही खाली आहोत! मग त्याने शहाण्यासारखं पॅराशूट सोडून दिलं, इंजिनं अर्ध्या मिनिटाऐवजी तीन सेकंद चालवली आणि साडेतीन-पावणेचार किलोमीटर उंचीवरून दगडासारखा खाली. आणि कॅमेरा खोडदमध्येच ठेवायचा, मंगळ दाखवायचाच नाही. रेघ गेली तेव्हा तिकडे सगळं होऊन जवळपास दहा मिनिटं झाली होती, आणि इथे कोणीतरी म्हणत असणार, येईल परत, थांबा.

दुसरा सीझन हायगन्स. शनीच्या टायटन चंद्रावर १४ जानेवारी २००५ ला उतरलेलं यान. त्याची गंमत अशी की १९९७ ला उडालं आणि वाटेत असताना, २००० मध्ये, बोरिस स्मेड्स नावाच्या इंजिनिअरने हट्टाने एक टेस्ट करून घेतली, त्यात कळलं की हायगन्सचे सिग्नल पकडून पृथ्वीकडे पाठवणाऱ्या कॅसिनी यानावरच्या रिसीव्हरला उतरतानाच्या वेगामुळे बदललेला सिग्नल धड वाचताच येणार नाहीये. रिसीव्हर बदलता येत नाही, मग कॅसिनीचा मार्गच बदलला. एवढी उस्तवार करून उतरायच्या दिवशी काय झालं तर दोनपैकी एका चॅनलचा रिसीव्हर चालू करायची कमांडच यादीत राहून गेली, निम्मे फोटो गेले. हे कोणी कल्पनेने लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं काहीही हं.

मंगळयानाचा सीझन पाहिजेच, पण रॉकेट उडताना टाळ्या आणि छाती फुगवणारं म्युझिक वगैरे नको. जवळपास ३०० दिवस झोपलेलं मुख्य इंजिन उठेल का ह्यावर एक अख्खा एपिसोड करा, २२ सप्टेंबर २०१४ ला ते फक्त चार सेकंदांसाठी पेटवून बघितलं होतं, चार! मग २४ तारखेला सुमारे तेवीस मिनिटं पेटवलं, आणि त्यातच यान मंगळाच्या मागे, संपर्क नाही. एपिसोडपण तेवीस मिनिटांचा ठेवा.

आणि घरातली भांडणं दाखवायचीच असतील तर तीही मिळतात की. मंगळाचा दिवस आपल्यापेक्षा सुमारे चाळीस मिनिटांनी मोठा, २००४ मध्ये स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी रोव्हर उतरले तेव्हा नासाचे लोक मंगळाच्या वेळेने ड्यूटी करायचे, म्हणजे ऑफिसला जायची वेळ रोज चाळीस मिनिटं पुढे, आज सकाळी नऊला तर अडीच-तीन आठवड्यांनी रात्री नऊला. मुलांची शाळा, नवऱ्याचा डबा, सणवार, सगळ्याचा बोऱ्या. अशा घरात वाद व्हायला डॅनी कशाला लागतो?

शेवटचा सीझन व्हॉयेजर-१ चा, १९७७ ला सुटलेलं यान, नोव्हेंबर २०२३ मध्ये अचानक बरळायला लागलं. मेमरीची एक चिप गेली होती. त्या चिपवरचा कोड एका जागी मावेल एवढी रिकामी जागाच उरली नव्हती म्हणून तुकडे करून इथे तिथे बसवला, आणि एक मेसेज जायला साडेबावीस तास, उत्तर यायला तेवढेच. एप्रिल २०२४ मध्ये ते परत धड बोलायला लागलं. ह्यात वेगवेगळ्या पिढ्यांची माणसं घ्या, पिवळे पडलेले जुने कागद चाळणारी पोरं आणि रिटायर झालेले, फोन करून विचारलं तर "थांब, आठवून सांगतो" म्हणणारे. जुने दिवस फ्लॅशबॅकमध्ये, पण थोडेच.

असो, कोण बनवणार कोण जाणे, तोपर्यंत फॉर ऑल मॅनकाइंड आहे. पहिले दोन सीझन डोळे मिटून घ्या, म्हणजे उघडे ठेवून. तिसऱ्यात दहा सेकंद पुढे ढकलायचं बटण हाताशी असू द्या. चौथा बघा संपासाठी. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन, आणि सासूबाईंकडून तीन, गॉर्डो-ट्रेसीला मारलं म्हणून.