ई-ऑफिस : फाईल सापडते, तिचा रस्ता मात्र आपणच कमी करायचा

मी सरकारी कार्यालयात आस्थापना शाखेत आहे. एनआयसीची (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची) ई-ऑफिस प्रणाली, म्हणजे फाईली संगणकावरच हाताळण्याची व्यवस्था, रोज वापरते. प्रणाली उत्तम आहे, पण तिचा अर्धा फायदा कार्यालयं स्वतःच्या हातानं घालवतात.

वैद्यकीय प्रतिपूर्तीचं देयक घ्या. आजारपणात उसनवारी करून रुग्णालयाचं बिल भरलेला कर्मचारी दर आठवड्याला फोन करतो, ‘ताई, फाईल कुठवर आली?’ पूर्वी त्यासाठी जावक नोंदवही उघडायची, शिपायाला विचारायचं, मग टेबलाटेबलावरचे गठ्ठे उपसायचे. आता फाईल कोणाकडे, कोणत्या तारखेपासून आहे ते तिथल्या तिथे दिसतं. निव्वळ एवढ्यासाठी मी या प्रणालीला पाचपैकी चार गुण देईन.

पडद्यावर डावीकडे टिपणी, उजवीकडे पत्रव्यवहार. कागदी नस्तीची सवय असलेल्याला परकं वाटत नाही. कच्ची टिपणी पिवळ्या नोटवर लिहायची, पक्की झाली की ती हिरवी होते. फाईल पुढे गेली की हिरव्या टिपणीतला शब्द बदलता येत नाही. मधलं पान गहाळ झालं म्हणून लिपिकाला जाब द्यावा लागत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. २१ जून २०१२ला मंत्रालयाला आग लागली तेव्हा किती नस्त्या जळाल्या, हे आमच्या पिढीनं पाहिलं आहे.

मग काम तुंबतं कुठे? एका कार्यालयात मी पाहिलं : टिपणी संगणकावर लिहायची, प्रिंट काढायची, साहेबांची पेनानं सही घ्यायची आणि तोच कागद स्कॅन करून पुन्हा चढवायचा. डीएससीचा, म्हणजे संगणकावरच्या डिजिटल सहीचा, डोंगल कपाटात! शिवाय किरकोळ रजेलासुद्धा पाच टेबलं, प्रत्येकाचं ‘मान्यतेस्तव सादर’. पूर्वी फाईल ज्या पाच ठिकाणी थांबायची, त्याच पाच ठिकाणी आता पडद्यावर थांबते.

याचं उत्तर संगणकाच्याही आधीचं आहे. जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी १९८०च्या दशकात तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात कागदांचे सहा गठ्ठे ठरवून दिले. प्रलंबित काय, उत्तराची वाट कशाची पाहायची, अभिलेख कक्षात काय जायचं, नष्ट काय करायचं, हे लिपिकाला टेबलावरच कळू लागलं. पुढे २०१७ मध्ये चंद्रकांत दळवी विभागीय आयुक्त असताना पुणे विभागात झिरो पेन्डन्सीची, म्हणजे एकही प्रकरण प्रलंबित न ठेवण्याची, मोहीम झाली, तिचा पायाही आधी वर्गवारी, मग निपटारा हाच होता. ही शिस्त न लावता ई-ऑफिस सुरू केलं, तर जुना ढीगच स्कॅन होऊन इनबॉक्समध्ये येतो.

म्हणून ज्यांच्याकडे ही प्रणाली आता येते आहे त्यांना कळकळीनं सांगते. जलद स्कॅनर बारनिशीत, म्हणजे टपाल येतं त्या आवक-जावक कक्षात, बसवा, म्हणजे टपाल पहिल्याच हातात स्कॅन होईल. डीएससीची मुदत कधी संपते त्याची यादी एकाकडे सोपवा. लिपिकांना युनिकोड मराठी टंकलेखनाचा सराव द्या. आणि रजा, वेतनवाढ, प्रतिपूर्ती अशा नेहमीच्या प्रकरणांत कोणता टप्पा गाळता येतो, ते प्रमुखांनी अधिकार सोपवण्याच्या आदेशात लेखी द्यावं. तोंडी सांगितलेलं कोणताच लिपिक अंगावर घेणार नाही.