कर्नलएसयू: काउंटरवरच्या फोनला रूट

माझं सांगलीत झेरॉक्सचं दुकान आहे. गिऱ्हाइकं फाइली व्हॉट्सॲपवर पाठवतात, त्यासाठी काउंटरवर एक फोन सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत चार्जरलाच असतो. आधीच्या फोनची बॅटरी त्यापायी फुगली, मागचं झाकण उचललं गेलं. म्हणून सेकंडहँड पिक्सेल ६ए घेतला तेव्हाच ठरवलं, चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायचं. अँड्रॉइड १४ मध्ये ती सोय नव्हती. एसीसी नावाचं मॉड्यूल (वरून घालायची जोडणी) हे काम करतं, पण त्याला रूट, म्हणजे फोनवरचा पूर्ण ताबा, लागतं.

रूट मिळवून देणारं मॅजिस्क मी पूर्वी वापरलंय, चांगलंच आहे. पण त्यात एखाद्या ॲपनं रूट मागितलं की परवानगीची खिडकी उघडते. दुकानात फोन मदतनीस पोराच्याही हातात असतो. घाईत त्यानं 'हो' दाबलं तर? कर्नलएसयू हेही रूट देणारं साधन, पण त्यात खिडकी येतच नाही. त्याच्या मॅनेजर ॲपमध्ये जाऊन आपणच ॲप निवडायचं. ज्याला निवडलं नाही त्याला 'एसयू' (रूट मागायची आज्ञा) सापडतही नाही, कारण हा निर्णय थेट कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, होतो. मला हेच हवं होतं.

बसवताना मात्र एका आकड्यानं माझे दोन तास खाल्ले. फोनवर अँड्रॉइड १४, म्हणून मी कर्नलएसयूची 'अँड्रॉइड१४' लिहिलेली बूट इमेज (फोन सुरू होताना लागणारी, कर्नल असलेली फाइल) उतरवली. फोन लोगोवरच अडकला. मग सेटिंग्जमधली कर्नलची आवृत्ती नीट वाचली: ५.१०, पुढे अँड्रॉइड१३. हा १३ कर्नलच्या शाखेचा असतो, फोनच्या अँड्रॉइडशी त्याचा मेळ बसेलच असं नाही. मी इमेज फ्लॅश केली नव्हती, म्हणजे फोनमध्ये कायमची लिहिली नव्हती; कॉम्प्युटरवरून 'फास्टबूट बूट' ही आज्ञा देऊन तात्पुरती चालवली होती, त्यामुळे रीस्टार्ट करताच जुना कर्नल परत आला. ही पायरी कुणीही गाळू नका. मग त्या शाखेची, एलझेड४ पद्धतीनं दाबलेली इमेज घेतली, वायफाय, टच, स्पीकर तपासले आणि मगच कायमची फ्लॅश केली. मूळ बूट इमेज पेनड्राइव्हवर ठेवलीय.

इमेज घालण्याआधी बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करून देणारा प्रोग्राम, अनलॉक करावा लागतो. त्यात फोनमधलं सगळं पुसलं जातं, आधी फोटो दुसरीकडे उतरवून घ्या. अनलॉक फोनवर बँकेची ॲप अडू शकतात; माझं यूपीआय दुसऱ्या फोनवर आहे, म्हणून मला चाललं. सिस्टिम अपडेट आलं की बूट इमेज बदलते आणि रूट जातं, तेव्हा दुकान बंद केल्यावर पुन्हा बसायचं. याचा कंटाळा येतो, पण फोनची पाठ सपाट राहिलेली बघून बरं वाटतं.

कर्नल ५.१० च्या आधीचा असेल तर तयार इमेज चालत नाही, त्या मॉडेलसाठी कुणी वेगळा कर्नल बांधलेला लागतो. भाच्याचा फोन ४.१४ वर आहे. त्याला मी मॅजिस्कच घालून दिलं.