चरबी : कातडीखालची आणि पोटातली

चिमटीत येते ती कातडीखालची चरबी. आतड्यांभोवती साठते ती चिमटीत येत नाही, फक्त पोट नगाऱ्यासारखं ताणून पुढे येतं. आरशासमोर आपण चिडतो पहिलीवर. खरी उपद्रवी दुसरी.

पोटातल्या चरबीतून सुटणारी मेदाम्लं यकृताकडे जाणाऱ्या रक्तात थेट उतरतात, आणि इन्सुलिनचं तिथे फारसं चालेनासं होतं. कातडीखालची त्या मानाने सज्जन, जादा ऊर्जा गपगुमान साठवते. 2004 मध्ये अमेरिकेत सॅम्युएल क्लाइन यांच्या गटाने 15 लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरची ही चरबी लायपोसक्शनने (नळीने शोषून) काढली, तीही प्रत्येकीची सुमारे 10 किलो. दहा-बारा आठवड्यांनी पाहिलं तर इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद जैसे थे! 2008 मध्ये रोनाल्ड कान यांच्या प्रयोगशाळेने तर उंदरांच्या कातडीखालची चरबी दुसऱ्या उंदरांच्या पोटात बसवली. त्यांची साखर उलट सुधारली. म्हणजे जागेइतकाच चरबीचा वाणही महत्त्वाचा.

वजनकाट्याला यातलं काही कळत नाही. पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे संशोधक जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. (स्वतःचंच उदाहरण ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापायला मोठं मन लागतं.)

त्यापेक्षा कमरेला टेप लावा. आपल्याकडे पुरुषांना 90 आणि बायकांना 80 सेंटिमीटरच्या पुढे धोका धरतात. आणि चालायला लागल्यावर दंडावरची चिमूट तशीच राहिली तर खट्टू होऊ नका. पोटातली चरबी बऱ्याचदा आधी उतरते.