१९७८ ची ‘हिचहायकर्स गाइड’ की २००४ ची?

आधी बीबीसी रेडिओ ४ वरची १९७८ ची मूळ विनोदी विज्ञान-श्रुतिकाच ऐका. निवेदक पीटर जोन्स यांचा शांत, किंचित गोंधळलेला आवाज एकदा कानात बसला की बसला. २००४ च्या मालिकेत ध्वनी कितीतरी स्वच्छ आहे. सायमन जोन्स यांचा नायक आर्थर, स्टीफन मूर यांचा रडका यंत्रमानव मार्विन, कलाकार तेच. आवाजांना वय आलंय, आणि तेच मला फार भावतं. पीटर जोन्स मात्र तोवर गेले होते. नवे निवेदक विल्यम फ्रँकलिन उत्तम, तरी ती जागा रिकामीच वाटते. पण आर्थरमुळे जन्मोजन्मी मरणाऱ्या अग्राजागसाठी २००४ चीही ऐकाच. २००१ मध्ये वारलेले लेखक डग्लस ॲडम्स जुन्या ध्वनिमुद्रणातून स्वतः त्या भूमिकेत बोलतात. तिथे अंगावर काटा येतो.