पाण्यातलं औषध मोडताना बघायचं यंत्र : सोलापुरातल्या प्रयोगशाळेतला काही महिन्यांचा अनुभव

डाळिंबवाले शेतकरी आम्हाला एकच विचारतात : फवारलेलं औषध विहिरीत उतरलं तर किती दिवस टिकतं? आमच्या कॉलेजात स्पेक्ट्रोफ्लुरोमीटर (नमुन्यावर प्रकाश टाकून तो कुठल्या तरंगलांबीला किती चमकतो ते मोजणारं यंत्र) आल्यापासून मी आणि माझे एमएस्सीचे विद्यार्थी त्यावर हेच शोधतोय. माझं मत आधीच सांगते. औषध मोडतंय कसं, हे बघायला हे यंत्र मला फार आवडलंय.

सुरुवात कार्बारिल या कीटकनाशकाने केली. भारतात ते 2018 मध्ये बंद झालं, पण शिकायला याच्याइतकं स्वच्छ उदाहरण नाही. 280 नॅनोमीटरचा प्रकाश टाकला की ते 335 च्या आसपास चमकतं. पाण्यात मोडून त्याचं 1-नॅफ्थॉल होतं, ते 460 जवळ निळसर चमकतं. म्हणजे आलेखावरचा एक पीक (चमकेचा उंचवटा) उतरतो आणि दुसरा चढतो. पीएच 7 ला निम्मं औषध मोडायला साधारण 10-12 दिवस लागतात, पीएच 9 ला अवघे काही तास. मुलांना हे एका दुपारीच दिसलं, तेव्हाचे त्यांचे चेहरे मी विसरणार नाही!

आता आपला उन्हाळा. तापमान वाढलं की औषध लवकर मोडतं, शिवाय चमकही मंदावते. दोन्ही गोष्टी 335 चा पीक खालीच ओढतात, त्यामुळे औषध आहे त्यापेक्षा जास्त मोडल्यासारखं वाटतं. म्हणून क्युव्हेटभोवती (नमुना ठेवायच्या छोट्या पारदर्शक नळीभोवती) ठरावीक तापमानाचं पाणी फिरवणारा होल्डर घ्याच, त्यात काटकसर करू नका. आणि 460 कडेही लक्ष ठेवा : तो चढत नसेल तर नुसत्या 335 वर विश्वास नको.

शुद्ध पाण्यात सगळं सोपं असतं. तलावाच्या हिरवट पाण्यातला कुजका पाला 400 ते 500 मध्ये स्वतःच चमकतो, सांडपाण्यातली प्रथिनं 340-350 ला, म्हणजे आपले दोन्ही पीक झाकले जातात. त्याच तलावाचं औषध न घातलेलं पाणी गाळून ब्लँक म्हणून वजा केल्याशिवाय आकडा लिहू नये.

क्लोरपायरिफॉस हे दुसरं कीटकनाशक स्वतःहून फारसं चमकत नाही, त्याला हे यंत्र उपयोगाचं नाही. पाणी पिण्यालायक असल्याचा दाखलाही यावर देऊ नये, त्यासाठी एलसी-एमएस (पाण्यातले घटक वेगळे करून वस्तुमानावरून ओळखणारं यंत्र) लागतं. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक चमकतं, पण 305 जवळ, आणि 280 चा प्रकाश टाकला की पाण्याचा स्वतःचा रामन पीक (पाण्याच्या रेणूंनी विखुरलेल्या प्रकाशाचा) 310 ला येतो. मृग बहाराच्या फवारण्या सुरू होण्याआधी हे दोन पीक वेगळे करायची पद्धत बसवायची आहे.